पाकिटावरची मिशी

नाना गेल्या वर्षी गेले. गेले तेव्हा त्यांना मिशी नव्हती. पण आमच्या चाळीखालच्या दुकानात ते अजून मिशीसकट लटकलेले असतात. वेफर आणि चिक्की यांच्या मधल्या खिळ्याला सुकेळ्यांची पाकिटं टांगलेली आहेत, आणि प्रत्येक पाकिटावर नाना. लाल फेटा, वर वळवलेली पांढरी मिशी, एक डोळा जरा बारीक केलेला, जसं काही आत्ताच कुणाला गंमत सांगितली. खाली मोठ्या अक्षरांत ‘राजेळी आजोबा’. वारा आला की ते सगळे नाना एकदम हलतात. मी साबण, तेल काय ते घेते आणि निघते. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले असतात. त्यात गेलेल्या माणसाचं हसू बघायचं त्राण राहत नाही.

चेहरा त्यांचाच आहे. पण तसे ते कधी नव्हते.

मी वसईजवळच्या गिरीजला त्यांच्या केळीच्या वाडीत कामाला होते, बरीच वर्षं. राजेळी केळी पिकली की सोलायची, बांबूच्या मांडवावर चटया टाकून उन्हात पसरायची, संध्याकाळी गोळा करून केळीच्याच सुक्या पानांत दडपून ठेवायची, सकाळी परत उन्हात. असं करत करत ती मधाच्या रंगाची झाली की ती सुकेळी. काम कठीण नाही, पण त्याला माणूस लागतं. कावळ्यांना हाकलायचं, ढग आला की पळायचं. माझ्याबरोबर फिलूबाय असायची. ती तिथलीच, चर्चच्या मागे तिचं घर. ती बोलायची आणि मी ऐकायचे, त्यामुळे आमचं कधी भांडण झालं नाही.

खरे नाना म्हणजे खाकी अर्धी चड्डी आणि बिनबाह्यांची बनियन. बनियनला पोटावर त्यांनी स्वतः एक खिसा शिवलेला असायचा. त्यात चाकू, सुतळी आणि अर्धं खाऊन ठेवलेलं काहीतरी. उन्हात छत्री उघडायचे, पावसात मिटून काखेत धरायचे. फिलूबाय म्हणायची, “नाना, तुमचं सगळं उलटं.”

“ऊन जाळतं गं,” ते म्हणायचे. “पाऊस काय करतो? ओलं करतो. ओला माणूस वाळतो. जळलेल्याचं काय करायचं?”

मिशी होती, पण ती खाली लोंबायची, पावसात भिजलेल्या केळीच्या पानासारखी. चहा प्यायले की दोन बोटांनी ती पिळायचे आणि थेंब अंगणात झटकायचे. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही म्हणून एकदा फिलूबायने विचारलं, तर म्हणाले, “विसरलो.” आणि खरंच विसरल्यासारखं तोंड केलं.

माल विकायची त्यांची पद्धत अशी की माल विकला जाऊ नये. गिऱ्हाइकाने “चांगली आहेत ना?” असं विचारलं की संपलं. “मला काय विचारता? मी चांगलीच म्हणणार. मी चोर असलो तरी चांगलीच म्हणणार. खा आणि मग तुम्ही मला सांगा.” कुणी खाऊन छान म्हणालं, की विचारायचे, “कशासारखी छान?” लोकांना सांगता यायचं नाही. मग ते हळूच हसायचे आणि बांधून द्यायचे. पानात गुंडाळून केळीच्या खोडाच्या सुक्या सोपटाच्या दोरीने बांधायचं, बस. पिशवी मागितली तरी राग. “केळं देवाघरून स्वतःचं पाकीट घेऊन येतं. ते आपण सोलून टाकतो आणि वर दुसरं पाकीट विकत आणतो. शहाणे कोण?”

वाडीच्या मधोमध कुंपण होतं. पलीकडची अर्धी वाडी त्यांच्या थोरल्या भावाची. त्यांना सगळे दादा म्हणायचे. वडील लवकर गेले, तेव्हा दादांनीच नानांना वाढवलं होतं. मग वाटणीच्या वेळी विहिरीवरून काहीतरी झालं, आणि बोलणं बंद पडलं ते बंदच. मी कामाला लागले तेव्हा कुंपण जुनं होऊन त्यावर वेल चढलेले होते. पण रोज सकाळी नाना कुंपणापाशी जाऊन मोठ्याने खाकरायचे. थोड्या वेळाने पलीकडून दादा खोकायचे. मग दोघं आपापल्या कामाला. एकदा पलीकडून खोकला आला नाही, तर नाना दुपारपर्यंत तिथेच घुटमळत राहिले. मग कळलं, दादा मुलीकडे विरारला गेले होते. त्या दिवशी नाना चिडून म्हणाले, “सांगून जाता येत नाही?” कुणाला म्हणाले कुणास ठाऊक.

दादांचा मुलगा निशांत अंधेरीला एका मोठ्या ऑफिसात होता. दुसऱ्यांच्या मालाला नाव द्यायचं, पाकीट कसं दिसावं ते ठरवायचं, असं त्याचं काम. मला ते काम कधी नीट कळलं नाही. ते सोडून तो घरी आला आणि आधी बापाकडे गेला, की आपल्या सुकेळ्यांचा ब्रँड करू. दादा म्हणाले, “माझी केळी मला ओळखतात, तेवढं पुरे.” मग तो कुंपण ओलांडून इकडे आला.

नानांनी त्याचं का ऐकलं? पाकिटाचं नाव काढलं तरी खेकसणारा माणूस. फिलूबायचं म्हणणं असं, की दादांचा पोर स्वतःच्या पायाने कुंपणाच्या अलीकडे आला, त्याला नाही कसं म्हणतील? तिचं खरं असावं. निशांत यायचा तेव्हा नाना त्याच्याकडे बघत नसत, त्याच्या चपलांकडे बघत. आणि तो गेला की मला विचारत, “जेवून गेला का गं?”

निशांतने माल विकायला जी कंपनी गाठली, तिची माणसं मुंबईहून आली. कॅमेरे, दिवे, पांढऱ्या छत्र्या. नाना त्या छत्र्यांवर खूश झाले. उन्हात छत्री लावणारी माणसं त्यांना पहिल्यांदाच भेटली होती. पण मग धोतर निघालं, आणि फेटा.

“हे काय?” नाना म्हणाले.

“फेटा, काका.”

“फेटा आमच्यात कुणी बांधत नाही. तो घाटावरचा. माझ्या बापाने बांधला नाही, त्याच्या बापाने बांधला नाही. माझं डोकं त्यात दिसतं का बघा, फणसावर टॉवेल टाकल्यासारखं.”

एक बाई होती, चांगली होती, गोड बोलायची. ती म्हणाली, “काका, लोकांना बघितल्याबरोबर आपला महाराष्ट्र दिसला पाहिजे.”

“आणि गिरीज?”

“गिरीज कुणाला माहीत आहे?”

नानांनी फेटा बांधून घेतला. मिशीला कसलंसं मेण लावून ती वर वळवली. मग हसायला सांगितलं. ते हसले, तर म्हणाले असं नको. परत हसले, तर तसंही नको. शेवटी फिलूबाय पाटी घेऊन जाताना केळीच्या सालीवरून घसरली आणि धपकन बसली, तेव्हा नाना जे हसले तेच पाकिटावर आहे. फिलूबाय नंतर म्हणायची, “माझ्या कमरेचा ब्रँड आहे तो.”

नाव ‘राजेळी आजोबा’ असं ठरलं. नाना म्हणाले, “मला नातवंडं नाहीत.” निशांत म्हणाला, “आता होतील, नाना.”

पहिल्या पाकिटावर ‘कोकणचा गोडवा’ लिहिलं होतं. मग ‘महाराष्ट्राची माती’ आलं. मग बाहेरच्या देशात माल जायला लागला तेव्हा फेट्याच्या कडेला केशरी, पांढरा, हिरवा असा पट्टा आला आणि खाली ‘भारताची चव’. नाना ती तिन्ही पाकिटं ओळीने मांडून बसले होते. “गंमत आहे,” म्हणाले. “दर वेळी माझं गाव मोठं होतं. मी आहे तेवढाच.”

मग रविवार सुरू झाले. मुंबईहून, ठाण्याहून गाड्या यायच्या. चिंचोटीच्या धबधब्याला किंवा कळंबच्या समुद्रावर आलेली माणसं येता-जाता वाडी बघायला थांबायची. आम्हा बायकांना नऊवारी नेसायला लावलं. मी कामणकडची, माझ्या आईने कधी अशी नऊवारी नेसली नाही, पण नेसले. नाना धोतर-फेटा घालून आंब्याखाली खाटेवर बसायचे. त्यांना कंपनीने एक गोष्ट पाठ करायला दिली होती. त्यांच्या आजोबांनी आजारी आजीसाठी पहिलं सुकेळं कसं वाळवलं, अशी. सगळी बनवलेली. नानांनी ती पहिल्या रविवारी तशीच सांगितली. दुसऱ्या रविवारी ते सुकेळं आजोबांनी एका खलाशासाठी वाळवलं. पुढच्या वेळी एका पोर्तुगीज साहेबासाठी. एकदा तर अस्वलासाठी. वसईत अस्वल कुठून आलं, असं एका माणसाने विचारलं. नाना म्हणाले, “तेही विचारत आलं होतं.”

निशांत चिडला. “नाना, गोष्ट एकच ठेवा ना. लोक व्हिडिओ काढतात. मग कमेंट येतात, कुठली खरी म्हणून.”

“दर रविवारी तेच खोटं बोलायचा कंटाळा येतो रे. निदान वेगळं बोलू दे.”

मला त्या रविवारांची फार धास्ती होती. चार अनोळखी माणसं समोर आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते, लहानपणापासून. शाळाही चौथीनंतर सुटली, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या की ही वर्गात होती हेच मला कळलं नाही. तर एका रविवारी एका बाईने मला धरलं. “ताई, तुमच्या गावच्या भाषेत काहीतरी बोला ना. तुमच्यात पानी म्हणतात ना? बोला ना, पानी.” तिने मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. बाकीची माणसं गोळा झाली. पाणी म्हणू की पानी, तेही सुचेना.

नाना खाटेवरून म्हणाले, “ती मुकी आहे.”

त्या बाईचा हात एकदम खाली गेला. ती सॉरी म्हणाली, माझ्या हाताला हात लावून गेली. त्या दिवसापासून मी रविवारी मुकी असायचे. नानांनी ते फिलूबायला आणि निशांतलाही सांगून ठेवलं. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. लोक माझ्याकडे बघून हळू आवाजात बोलायचे आणि मी आपली सुकेळी बांधत बसायचे. फिलूबाय म्हणायची, “तुझं भारी झालं बाय. मला पण बहिरी कर म्हणावं.” संध्याकाळी गाड्या गेल्या की नाना फेटा काढून खाटेवर ठेवायचे आणि मला म्हणायचे, “चल, बोल आता.” मी म्हणायचे, “नाना, पानी आनू?” आणि ते म्हणायचे, “आण. गाल दुखले.”

खरंच दुखायचे. दोन्ही हातांनी गाल चोळत बसायचे. हळूहळू त्यांच्या नेहमीच्या गोष्टी कमी झाल्या. छत्री कोपऱ्यात पडून राहिली. सोमवारी सकाळी चड्डी-बनियनवर असले तरी मिशी वरच वळलेली राहायची, मेणामुळे उतरायचीच नाही. ती पिळता यायची नाही, म्हणून चहा बशीत ओतून जपून प्यायला लागले. एकदा मला म्हणाले, “आरशात बघितलं की आधी तो दिसतो. मग मी.”

पण सगळंच वाईट होतं असं नाही, तेही लिहायला हवं. लहान मुलं यायची आणि धावत खाटेवर चढायची. “आजोबा, आजोबा.” एक मुलगी होती, समोरचे दात पडलेली. तिने विचारलं, “तुम्ही खरे आजोबा आहात का?”

“रविवारपुरता,” नाना म्हणाले.

“मग मी रविवारीच येईन,” ती म्हणाली, आणि खरंच आई-बापांच्या मागे लागून पुन्हा दोनदा-तीनदा आली. नाना तिच्यासाठी एक घड राखून ठेवायचे. ‘आजोबा’ या नावावर ते आधी हसायचे, नंतर हसेनासे झाले. कुणी नुसतं नाना म्हणून हाक मारली, तर कधी कधी लक्षच जायचं नाही.

आणि त्यातच दादा गेले.

हिवाळा होता, सुकेळ्यांचा ऐन हंगाम. सकाळी नाना खाकरले, पलीकडून खोकला आला नाही. नाना परत खाकरले. मग निशांत कुंपणापाशी आला आणि नुसता उभा राहिला. नानांनी त्याच्याकडे बघितलं आणि जागच्या जागी खाली बसले, ओल्या मातीत, धोतर नव्हतं म्हणून बरं.

आमच्या इकडे थोरलं माणूस गेलं की धाकट्याने दहाव्याला डोकं आणि मिशी काढायची असते. त्यात विचारण्यासारखं काही नसतं. पण दहाव्यानंतर लगेच दिल्लीला मोठं प्रदर्शन होतं. सगळ्या देशातून माणसं येणार होती, वेगवेगळ्या राज्यांचं काय काय मांडणार होते, आणि आपल्या बाजूने राजेळी आजोबा, स्वतः जिवंत, खाटेवर बसणार होते. मोठी खरेदी ठरायची होती. कंपनीचा फोन आला. दुःख झालं म्हणाले, आणि मग मिशीचं विचारलं.

निशांत अंगणात आला. त्याचे डोळे सुजलेले होते. मला त्याचा राग आला नाही तेव्हा, आताही येत नाही. त्याने सगळं त्यातच घातलेलं होतं.

“नाना, डोकं काढा. फेट्याखाली दिसणार नाही. मिशी फक्त राहू दे.”

“फक्त,” नाना म्हणाले.

“चेहरा बदलायचा नाही, असं त्यांच्याशी ठरलेलं आहे.”

“म्हणजे मिशी माझी नाही?”

“आहे तुमचीच. पण काढायची तर त्यांना विचारून.”

नानांनी मांडवाकडे बघितलं. “मग मीच तिच्यामागे भाड्याने राहतो म्हणायचं.”

भटजींनाही निशांतने आधीच विचारून ठेवलं होतं. हल्ली कोणी काढत नाही, चार केस कापले तरी चालतं, असं ते म्हणाले होते. फिलूबाय माझ्यासारखी गप्प बसणारी नाही. ती म्हणाली, “नाना, राग मानू नका, पण आमच्या चार घरांच्या चुली त्या मिशीला लटकल्यात.”

“माहीत आहे गं मला.”

“मग?”

“मग काय. माहीत आहे.”

मी काही बोलले नाही. तो रविवार नव्हता, तरी बोलले नाही. मला वाटत होतं की त्यांनी काढू नये. माझी मुलगी तेव्हा दहावीला होती.

निशांत शेवटी थकून ओट्यावर बसला. त्याने तोंड हातात घेतलं. “मी त्यांचा मुलगा आहे, नाना. मीच सांगतोय. मी काढतो, माझं पुरे आहे. इतकी वर्षं तुम्ही दोघं एक शब्द बोलला नाहीत. आता मिशीने बोलणार का?”

हे लागलं असणार. नाना खाली बघत होते. मग अगदी हळू म्हणाले, “दुसरं काय आहे माझ्याकडे?”

नाना दिल्लीला गेले नाहीत. कंपनीने दुसरा माणूस पाठवला, मुंबईचा, नाटकात वगैरे काम करणारा. त्याला तसाच फेटा आणि तशीच मिशी चिकटवली. फोटो आले होते. तो माणूस पाकिटासारखा नानांपेक्षा जास्त दिसत होता. त्याने गोष्टही एकच सांगितली असेल, आजीचीच. खरेदी ठरली. पुढे कंपनीने नाव आणि चित्र घेतलं आणि काम वालीवच्या एका गाळ्यात नेलं. केळी आता कुठून येतात माहीत नाही. उन्हात वाळत नाहीत एवढं माहीत आहे, कारण काही महिने मीही तिथे होते. तिथे आम्हाला टी-शर्ट दिले होते, छातीवर नुसती मिशी छापलेली. चेहरा काढून टाकून तेवढीच ठेवली होती. बारा जणी एका रांगेत, सगळ्यांच्या छातीवर नानांची मिशी. वास यायचा तो यंत्राच्या गरम हवेचा. मी ते सोडलं. आता दुसरीकडे आहे, तिथेही टी-शर्ट आहेच.

निशांत परत नोकरीला लागला. भेटला तर बोलतो. दमलेला दिसतो, आम्ही सगळेच दिसतो.

ते सगळं वालीवला जायच्या आधी, मिशी काढल्यानंतरच्या रविवारीही नाना खाटेवर बसले होते. धोतर घातलं नव्हतं, फेटाही नाही. चड्डी-बनियन. गाड्या आल्या. माणसं त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जात होती, वाडीचा गडी समजून. ती दात पडलेली मुलगी आली होती, आता दात अर्धे उगवलेले. हातात पाकीट. तिने पाकिटाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, “आजोबा कुठे आहेत?”

मी घड हातात घेऊन बाजूलाच होते. मला वाटलं सांगतील.

“दिल्लीला गेलेत,” नाना म्हणाले. “हे तुझ्यासाठी ठेवून गेलेत.” आणि माझ्या हातातला घड तिला दिला. ती थँक यू काका म्हणाली.

त्यांना त्याचं वाईट वाटलं का, हे मी कधी विचारलं नाही. पण मिशी त्यांनी परत वाढवली नाही. लोकांना वाटलं, कंपनीवरच्या रागाने. फिलूबायला अजून तसंच वाटतं. मला मात्र तो दहाव्याचा दिवस आठवतो, कारण फिलूबाय तेव्हा मागे भांडी घासत होती आणि मी पुढच्या खोलीत होते.

दहाव्याला पुरुषमाणसं तळ्यावर गेली होती. आम्ही दोघी सकाळपासून पलीकडे दादांच्या घरी मदतीला होतो. मीही त्या घरात पहिल्यांदाच गेले होते. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना घरं अगदी सारखी, ओटाही सारखा, खुंट्याही त्याच जागी. वहिनी भिंतीला टेकून चटईवर बसल्या होत्या. दादांच्या बायकोला सगळे वहिनीच म्हणायचे. त्या दिवसांत त्या रडत नव्हत्या, बोलत नव्हत्या, खात नव्हत्या. त्यांच्यासमोर ठेवलेलं तसंच उचलायचं, असं चाललं होतं. मी चहाचा कप त्यांच्यापाशी ठेवला होता. त्यावर साय धरली होती.

नाना येतील की नाही, आणि आले तर मिशीसकट की मिशीवाचून, याच्यावर सकाळपासून सगळ्या बायकांची कुजबुज चालली होती. नानांनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. न्हाव्यासमोर बसेपर्यंत निशांतलाही माहीत नव्हतं, हे त्याने मला नंतर सांगितलं.

माणसं परत आल्याचा आवाज झाला. मी पाय धुवायला पाण्याची कळशी घेऊन उठले आणि दाराकडे वळले, तर दारात दादा उभे होते.

मी कळशी खाली ठेवली. तेच कपाळ, तोच वरचा ओठ, लांब आणि सरळ, तीच हनुवटी जरा एका बाजूला. डोकं गुळगुळीत, अंगावर ओला पंचा. इतकी वर्षं मी दोघांना रोज बघत होते, एकाला कुंपणाच्या अलीकडे आणि एकाला पलीकडे, आणि मला कधी दिसलं नव्हतं. दादांना ना मिशी होती ना डोक्यावर केस; नानांच्या मिशीने सगळं झाकून ठेवलं होतं. मागे निशांत होता, त्याचंही डोकं काढलेलं. त्याच्या हातात फोन वाजत होता आणि तो घेत नव्हता. तोही त्यांच्याकडेच बघत होता.

नाना उंबरठ्यावर थांबले. आत यावं की नाही असं झालं असावं. विहिरीवरून झालं तेव्हापासून त्यांनी तो उंबरठा ओलांडला नव्हता.

वहिनींनी मान वर केली. त्यांच्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरा हलला. रोजच्यासारखं, थोडं चिडून म्हणाल्या, “अहो, किती वेळ लावलात? चहा निवला तुमचा.”

आणि कप पुढे सरकवला.

दिराला नुसतं अहो कुणी म्हणत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. एक म्हातारी काहीतरी सांगायला पुढे झाली, निशांतने तिचा हात धरला. वहिनींना अजून कळलेलं नव्हतं. कळणारच होतं, थोड्या वेळात.

नाना आत आले. चटईवर त्यांच्यासमोर मांडी घालून बसले, कप दोन्ही हातांत घेतला आणि सायीसकट सगळा चहा प्यायले.

“निवला नाही,” ते म्हणाले. “गरम आहे.”